सुनंदा, पाचव्या ठिकाणचं पाणी

सुनंदा,

रविवारी सकाळी फोनवर तुझं नाव दिसलं, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हणालो, "बोल गं." पलीकडं तुझी आई होती. ती नुसतं "परशा" म्हणाली आणि थांबली. मागं कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. मी दोनदा विचारलं, "काकू, सुनंदा कुठं हाय? तिच्याकडं द्या." तुझ्याच फोनवरून तुझ्या आईला मी तुला बोलवायला सांगत होतो. माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलीस, डोकं धरून खाली बसलीस आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मेंदूतली शीर फुटली म्हणाले. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, कॉलेजच्या फाटकात तू माझ्याशी चांगली पाच मिनिटं उभी राहून बोलली होतीस. तुझ्या हातात पेपरांचा गठ्ठा होता. तुझ्या चेहऱ्यावर काही दिसलं होतं का, हे आठवायचा मी बारा दिवस प्रयत्न करतोय. काही दिसलं नव्हतं. तू घाईत होतीस, एवढंच.

काल तुझा जलदान विधी झाला. तुझे विद्यार्थी आले होते, स्टाफ आला होता. वंदना झाल्यावर माझं नाव पुकारलं. तुझा सगळ्यांत जुना मित्र, दोन शब्द बोलतील म्हणाले. मी उठलो, माईकपाशी गेलो आणि तुझ्या फोटोकडं बघत उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटला नाही. लोकांना वाटलं, दुःखानं. सुनंदा, दुःख होतंच. पण मला जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं काही बोललो असतो तर ते खोटं झालं असतं. म्हणून आज लिहितोय. तुला ऐकू जाणार नाही हे कळत असूनही तुलाच लिहितोय.

आपण शाळेत एका वर्गात होतो. बेळगावजवळ उचगावच्या पुढं आपलं गाव, एस.टी.त तू खिडकीपाशी बसून गणितं सोडवायचीस आणि मी तुझी वही बघून उतरवायचो. बारावीला तू मला गणित शिकवलं नसतंस तर आज मी केमिस्ट्रीचा मास्तर झालो नसतो, आमच्या रानात असतो. तू मात्र कधी ते बोलून दाखवलं नाहीस. पुढं दोघं एकाच कॉलेजात लागलो, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर "परशा" म्हणालीस, तेवढीच काय ती वसुली.

आणि मग हा उन्हाळा.

बंधाऱ्यामागच्या डोहात एका सकाळी मासे पोटं वर करून तरंगताना दिसले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. गावानं इकडंतिकडं बघितलं, तर डोहाच्या काठाला भरमाण्णा आप्पाचा म्हशींचा गोठा. शेणाचं पाणी नदीत सोडतोय म्हणून लोकांनी एकमुखानं त्याचं नाव घेतलं. पंचायतीची नोटीस आली, ती कन्नडात. भरमाण्णाला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. तू शनिवारी आईला घेऊन गावी आलेली, तर तो कागद घेऊन तुझ्याकडं आला. तू वाचून दाखवलंस, "आप्पा, पंधरा दिवसांत गोठा हलवा म्हणत्यात."

तो म्हणाला, "माझा बा हितंच म्हसरं बांधत हुता. तवा मासं मेलं न्हाईत. आता कसं मेलं गं?"

त्याला काय उत्तर द्यायचं म्हणून तू सोमवारी माझ्या प्रयोगशाळेत आलीस. फळ्यावर एक खाली खाली जाऊन पुन्हा वर येणारी रेघ काढलीस. म्हणालीस, "घाण पाण्यात पडली की तिला खाणारे जीवाणू वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. पण याला वेळ लागतो, आणि तोवर पाणी पुढं गेलेलं असतं. त्यामुळं ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो तो घाण पडते तिथं नाही, खाली. मासे डोहात मेले म्हणजे घाण डोहात पडली असं नाही. ती वर कुठंतरी पडतीय. मागं जायला पाहिजे."

"नदीत मागं कसं जाणार?" मी विचारलं.

"पाणी जाणार नाही. गणित जाईल. तू मला आकडे दे."

आपण सात ठिकाणं ठरवली, पहिलं सगळ्यात वर आणि सातवं डोहात. मी बाटल्या भरायच्या, तपासायच्या आणि वहीत लिहायचं. तू नदीचा वेग मोजायचा. पहिल्या दिवशी तू लिंबं आणलीस. पाण्यात सोडायची आणि घड्याळ हातात धरून काठानं चालत जायचं. खाली धुणं धुणाऱ्या बायकांनी एकामागून एक लिंबं वाहत येताना बघितली आणि कपडे टाकून वर पळाल्या. "करणी केलीया कुणीतरी!" तू ओढणी खोचून धापा टाकत तिथं पोचलीस, तर त्या तुलाच दगड मारायच्या बेतात. अर्धा तास त्यांना समजावत बसलीस. दुसऱ्या दिवशी संत्री आणलीस. संत्र्याला कुणी घाबरलं नाही. फक्त दोन संत्री सातव्या ठिकाणी पोचलीच नाहीत, मधे कुणीतरी खाल्ली. तू एवढी हसलीस की वेळ नोंदवायची राहिली.

तेव्हाच तू मला एक गोष्ट बजावली होतीस. पुढं जाणारं गणित सोपं असतं, घाण कुठं पडली ते ठाऊक असेल तर खाली काय होईल ते सांगता येतं. उलटं जाताना मात्र मोजमापातली बारीकशी चूक फुगत फुगत जाते आणि भलत्याच माणसाच्या दारात नेऊन उभी करते. म्हणून म्हणालीस, "परशा, एखादा आकडा विचित्र आला तरी मला दे. तो चुकीचा असेल तर इतर आकड्यांवरून कळेल मला. तू आपल्या मनानं गाळू नको."

मी "व्हय" म्हणालो होतो.

पुढच्या एका मंगळवारी तुझी परीक्षेची ड्युटी होती. दुपारी पाचव्या ठिकाणी मी एकटाच गेलो. तिथं वरच्या अंगानं एक बारका नाला येऊन नदीला मिळतो. त्याच्या तोंडाशी पाणी पांढुरकं दिसत होतं. मी बाटली काठोकाठ भरली, ऑक्सिजन तपासायची दोन द्रावणं जागेवरच घातली. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. माझ्या हातातल्या बाटलीत साका पांढराफेक बसला. ऑक्सिजन नव्हताच म्हण ना, पाणी नाल्यातच साचून कुजून आलेलं. आणि त्या आधीच मला वास आला होता. आंबूस, नासलेल्या दुधाचा. तो वास मी डोळे मिटून ओळखला असता, कारण कॉलेजची पाच वर्षं मी त्याच वासात झोपलो होतो.

माझ्या दाजींची शेड त्या नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. खवा आणि पनीर. बेळगावातल्या मिठाईच्या दुकानांना तिथून माल जातो. पनीर काढल्यावर जे हिरवट पाणी उरतं ते दुपारी, काम आटपलं की, नाल्यात सोडतात. दुधाचंच पाणी, त्यात कुणाला काही वाईट दिसत नाही. मलाही पंचवीस वर्षं दिसलं नव्हतं. पूर्वी दूध थोडं होतं, आता टँकरनं येतं.

आई गेल्यावर आक्कानं मला वाढवलं, हे तुला सांगायला नको. तिच्या घरी राहून मी शिकलो. त्या बाटलीतलं पाणी मी गवतावर ओतलं.  तुला फोन केला आणि म्हणालो, "पाचव्या ठिकाणची बाटली गेली गं. आत हवेचा बुडबुडा राहिला." तू म्हणालीस, "मग परत घे की." मी परत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, नाल्यात काहीही नसताना. आकडा चांगला आला. वहीत मी त्याच्यापुढं दुपारची वेळ लिहिली.

त्यानंतर तुझं गणित जुळेना. सहाव्या आणि सातव्या ठिकाणी ऑक्सिजन पडत होता, पण तो का पडतोय याचं उत्तर वर कुठंच सापडत नव्हतं. महिनाभर तू त्याच्याशी झटत होतीस. एकदा स्टाफरूममध्ये म्हणालीस, "चौथ्या आणि सहाव्याच्या मधे काहीतरी पडतंय. नाहीतर हे असं होणारच नाही." मी चिडलो. खरंच चिडलो, आवाज चढवला. "तुझं गणित कागदावर बरं हाय. नदी म्हणजे पाईप न्हवं. डबकी असत्यात, वळणं असत्यात. दोन संत्री सोडून नदी कळत न्हाय सुनंदा." सगळे बघायला लागले. तू माझ्याकडं बघितलंस, खडू खाली ठेवलास आणि म्हणालीस, "असंल. माझं चुकत असंल."

तू वाद अर्ध्यावर सोडणारी बाई नव्हेस. त्या दिवशी सोडलास. मला वाटलं, सुटलो.

इकडं पंधरा दिवसांची मुदत वाढत वाढत संपली. भरमाण्णानं दोन म्हशी विकल्या, उरलेल्या घेऊन तो लेकीच्या गावाला, काकतीकडं गेला. गोठ्याचे पत्रे उतरवताना मी रस्त्यावरून बघितले. गाडी थांबवली नाही.

आणि मग तो शनिवार. फाटकात तू म्हणालीस, "परशा, सोमवारी तुझी मूळ वही आणशील? पाचव्या ठिकाणची पानं बघायची हायत." मी म्हणालो, "शोधतो. घरात कुठंतरी असंल." तू गठ्ठा दुसऱ्या हातात घेतलास. मग म्हणालीस, "निवांत शोध. पण आण." त्यानंतर तू रस्ता ओलांडून घरी जायला कॅम्पकडच्या बसमध्ये चढलीस.

काल विधी आटपल्यावर तुझ्या आईनं मला आत बोलावलं. तुझ्या टेबलावरची निळी वही माझ्या हातात दिली. म्हणाली, "ह्यातलं आमाला काय कळत न्हाय. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." मी तिथंच खुर्चीत बसून उघडली.

शेवटच्या चार पानांवर तू पाचव्या ठिकाणचा माझा आकडा खोडला होतास. सरळ एक रेघ. त्याच्याशिवाय, फक्त सहाव्या आणि सातव्या ठिकाणच्या दुपार-संध्याकाळच्या आकड्यांवरून तू मागं गेली होतीस. खाली उत्तर लिहिलं होतंस. घाण नाल्याच्या तोंडाशी पडते. सतत नाही, रोज दुपारी थोडा वेळ. माणसांच्या कामाच्या वेळेशी जुळणारं. आणि पुढं, की पाचव्या ठिकाणचा आकडा दुपारचा असूच शकत नाही, तो सकाळचा आहे. तू एकदाही तिथं दुपारी गेली नव्हतीस, सुनंदा. मी ओतून टाकलेली बाटली तू घरी बसून कागदावर परत भरली होतीस.

पानाच्या कडेला पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. "परशाला माहीत आहे. सोमवारी विचारायचं, पण त्यानं आपणहून सांगितलं तर बरं."

 बाहेर लोक जेवत होते, भांडी वाजत होती. तुझी आई म्हणाली, "पाणी देऊ का रं?" मी नको म्हणालो. तू वारलीस हा धक्का मी बारा दिवस अंगावर घेऊन फिरत होतो, आणि आता कळत होतं की स्टाफरूममध्ये मी ओरडलो त्या दिवसापासून बहुधा तुला संशय होता. "माझं चुकत असंल" म्हणालीस ते मला जागा द्यायला म्हणालीस. मी ती जागा घेतली नाही.

आज सकाळी उठून तडक आक्काकडं गेलो. दाजी शेडच्या दारात कॅन मोजत होते. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या.

दाजी आधी हसले. "आरं, दुधाचं पाणी हाय त्ये. ईख न्हाय. म्हशीबी पित्यात."

"म्हैस बादलीभर पिती, दाजी. नदीत रोज टाकीच्या टाकी पडतंय. ते कुजताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतंय. मासं गुदमरून मेलं."

"आणि हे तू पंचायतीत जाऊन सांगणार? ज्या घरात जेवलास त्या घराचं नाव घेऊन?"

 तेवढ्यात आक्का आतून हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मला विचारलं, "तुला कवा कळलं हे?"

"दीड-दोन महिने झालं."

"म्हंजे भरमाण्णाचं पत्रं उतरवत हुते, तवा तुला ठाव हुतं."

"व्हय."

"आणि गप बसलास."

"तुझ्यासाठी, आक्का."

"माझं नाव घेऊ नगोस." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी सांगितलं न्हवतं तुला गप बस म्हणून. मला इचारलं असतंस तर तवाच पनीर बंद केलं असतं. खवा आटीवला की पाणी उरतच न्हाय. यवढी साधी गोष्ट. त्यापायी तू त्या म्हाताऱ्याला उठवलास, आणि त्या पोरीला फशीवलास."

दाजी आत गेले. ते माझ्याशी पुन्हा बोलतील की नाही, मला ठाऊक नाही. पण दुपारी पनीरची कढई चुलाण्यावर चढली नाही, हे मी बघितलं.

तिथून मी तुझी वही आणि माझी मूळ वही घेऊन पंचायतीत गेलो. अधिकारी होते, चार सदस्य होते. मी फळ्यावर तू काढली होतीस तीच रेघ काढली. तुझ्याइतकी नीट आली नाही. डोहात मासे का मेले, घाण कुठून येते, केव्हा येते, सगळं सांगितलं. शेड कुणाची तेही सांगितलं. एक सदस्य म्हणाला, "मास्तर, मग हे इतके दिवस का कळलं न्हाय?"

मी म्हणालो, "गणित करणारीला कळलं होतं. मी तिला खोटा आकडा दिला होता."

 अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वह्यांकडं. दोन्ही वह्या ठेवून घेतल्या. नोटीस मागं घेऊ, नाल्यावर येऊन स्वतः तपासू म्हणाले. त्यांनी भरमाण्णाला फोन लावायला सांगितला. तो बेळगावात औषधाला आला होता. तासाभरात आला.

त्याला कन्नडात सगळं समजावलं गेलं. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग माझ्याकडं वळला. माझ्यावर रागवेल, शिवी देईल, असं मी धरून चाललो होतो. पण मी काय केलं ते त्याच्या लक्षात तरी आलं होतं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "मास्तर, ती पोरगी कुठं हाय? सुनंदा? तिला भेटाय पायजे. तिनंच माझं खरं मानलं हुतं."

त्याला माहीत नव्हतं. काकतीकडं त्याला कुणी कळवलं नव्हतं.

मी म्हणालो, "आप्पा, सुनंदा गेली. बारा-तेरा दिवस झालं."

तो मग भिंतीचा आधार घेत पायरीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यानं विचारलं, "जायच्या आधी तिला कळलं हुतं का रं, मी न्हवतो म्हणून?"

"व्हय, आप्पा. तिनं तिच्या हातानं लिहून ठिवलंय."

त्यानं मान हलवली. डोळे पुसले. त्याला तेवढं पुरे होतं. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. माझ्या मनातही तोच प्रश्न होता, सुनंदा, माझ्याबद्दलचा. जाताना तुझ्या मनात मी कोण होतो? तू पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा आठवतोय. त्यांत तू मला खोटारडा म्हटलेलं नाहीस. पण माफ केलंय असंही कुठं म्हटलेलं नाहीस.

परशा